सातवी फळी

बांधाच्या दाराला सात फळ्या होत्या, आणि सातवी कधी लागत नसे.

बांध म्हणजे खाडी आणि शेतं यांच्यामध्ये घातलेली मातीची लांबलचक भिंत. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि मधोमध दगडी दार. दाराच्या दोन्ही खांबांना उभ्या खोबणी होत्या. भरती चढायच्या आत त्या खोबणींत आडव्या फळ्या एकीवर एक सोडायच्या, ओहोटी लागली की काढायच्या. म्हणजे खाडी आत येत नाही आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर पडतं. घरात पाहुणे असोत, ताप असो, मयत असो, दाराला सुट्टी नव्हती.

थोरली या घरात सून होऊन आली तेव्हा दार सासऱ्यांकडं होतं. त्यांना सगळेच आबा म्हणत. फळ्या त्यांनी स्वतः तासलेल्या. प्रत्येक फळीच्या टोकाला सुतारी वाकसानं चरे पाडलेले, पहिलीला एक, दुसरीला दोन, असे करत सातवीला सात. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळावं म्हणून. तेव्हा पाच फळ्यांवर भागायचं. मोठ्या उधाणाला सहावी. सातवी आबांनी निव्वळ भीतीपोटी तासली होती, आणि दारापाशी जी झोपडी होती तिच्या आढ्याला दोन दोऱ्यांनी टांगून ठेवली होती. लोक हसायचे. "आबा, ही कुणासाठी? समुद्राला आमंत्रण धाडलंय काय?"

आबा म्हणायचे, "त्याला आमंत्रण लागत नाही."

पुढं आबांचे डोळे गेले. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, पण उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. थोरलीचा नवरा ट्रकवर. महिन्या-दीड महिन्यानं यायचा, दोन दिवस झोपायचा, जायचा. धाकटा दीर शहरात इमारतींच्या कामावर. राहिल्या दोघी जावा. वाटणीत धाकटीकडं तळातलं शेत आलं, दाराला अगदी लागून. थोरलीकडं वरचा लहानसा तुकडा, आबा आणि दार.

फळ्या भिजल्या की जड व्हायच्या. काढताना त्या खोबणीत चिकटून बसत; मग पहारीनं उचकटायच्या, छातीशी घेऊन मागं रेलायचं. थोरलीच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या कायमच्या. दिवसभरात तिला स्वतःचं म्हणून एकच काम होतं. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि मगच तोंडात घास घालायचा. लग्न झाल्यापासून हे तिनं एकदाही मोडलं नव्हतं.

सातव्या फळीची गोष्ट त्या दिव्यापासूनच सुरू झाली होती. दोन वर्षांपूर्वी घराच्या भिंतीला खारी ओल चढली. पूर्वी ती वीतभर चढून थांबायची, त्या वर्षी कमरेपर्यंत आली. माती पापुद्र्यांनी सुटली आणि एका दुपारी दिव्याचा कोनाडाच खाली आला. आबा डोळ्यांना पट्टी बांधून धाकटीकडं होते. घरात धड लाकूड नव्हतं. दाराकडं गेली तेव्हा थोरलीनं आढ्याकडं पाहिलं. चांगली, सुकी, सरळ फळी. वर्षानुवर्षं कोळ्यांनी जाळी विणलेली. चार दिवस नेते, तिनं स्वतःला सांगितलं.

चऱ्यांचं टोक तिनं भिंतीत रोवलं, वरून मातीनं लिंपलं, फळीवर प्लास्टिकचा कपडा अंथरला आणि दिवा ठेवला. नवरा आला तेव्हा म्हणाली, जुन्या पलंगाची आहे. त्यानं हूं केलं आणि कुशीवर वळला.

डोळ्यांची पट्टी सुटल्यावर आबा काठी टेकत पुन्हा दारापर्यंत जायला लागले. रोज जायचे, खोबणीतल्या फळ्यांवरून हात फिरवायचे, ओलीवरून पाणी किती चढलं होतं ते सांगायचे. आढ्यापर्यंत मात्र हात पुरत नव्हता. म्हणून एकदा त्यांनी विचारलं.

"सातवी जागेवर आहे ना गं?"

"आहे, आबा," ती म्हणाली. चूल पेटली का, या प्रश्नाला हो म्हणावं इतक्या सहज.

*

यंदा भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती. उधाणाचा तिसरा दिवस. वारा नाही, ढगाचा ठिपका नाही, ऊन पाठीला चटके देत होतं. थोरलीनं सहा फळ्या सोडल्या, खोबणीच्या फटींत चिखल भरला आणि खांबाच्या सावलीत बसली. धाकटी तिच्या शेतात वाकून तण काढत होती.

पाणी सहाव्या फळीला टेकलं, तिच्या काठाशी आलं आणि तिथं थरथरत राहिलं. मग आवाज न करता एक पातळ पापुद्रा आत ओघळला.

धाकटी वाकल्या जागेवरून म्हणाली, "ताई, पाण्याचा आवाज येतोय."

"ओसरेल आता. भरती ओसरायची वेळ झालीच आहे."

वेळ झाली होती, पण पाणी थांबलं नाही. पापुद्र्याचं पोट फुगलं. धाकटी चिखलातून पाय ओढत आली, काठावर हात ठेवून बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"ताई, सातवी टाका ना."

थोरली झोपडीत गेली. तिथं काय नाही ते तिला माहीत होतं. तरी ती गेली, आणि तिनं वर पाहिलं. दोन दोऱ्या लोंबत होत्या.

बाहेर आली तोवर बांधावरून शिंपी धावत आलेला. कपडे शिवून शेतही करणारा, गळ्यात कायम मोजपट्टी असलेला माणूस. मागून आणखी दोघंतिघं.

"काय झालं? सातवी कुठंय?" शिंप्यानं विचारलं.

बांधावरून थोरलीचं घर दिसत होतं. अंगणात तिनं वाळत घातलेली चादर दिसत होती. पळत जायचं, भिंत उकरायची, फळी डोक्यावर घ्यायची आणि यायचं. चहा उकळायला लागतो त्याहून फार वेळ लागला नसता. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात मोजून झालं. आणि त्याच क्षणी हेही दिसलं की ती फळी घेऊन बांधावरून पळत येतेय, फळीवर दिव्याची काजळी आहे, आणि सगळे बघताहेत.

"जागेवर नाहीये," ती म्हणाली.

दोन शब्द. दोन्ही खरे.

मग जे होतं ते केलं. खताच्या गोणीत माती भरली. ती पाण्यानं ढकलून दिली. शिंप्यानं झोपडीचं दार उपटून आणलं. ते खोबणीत बसेना. शेवटी धाकटी दारात उतरली, फळ्यांना पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात खांबांपर्यंत पसरले आणि खांद्यांनी पाणी अडवायला लागली. थोरली तिच्या शेजारी उतरली. दोघींच्या मानेवरून, कानांमागून खाडी आत येत राहिली. धाकटीचे दात कडकडत होते. गार पाण्यानं नव्हे, पाणी कोमट होतं.

भरती ओसरली तेव्हा तळातल्या शेतात भाताचे फक्त शेंडे दिसत होते.

चिखलात बसून श्वास घेत धाकटी म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून, ताई. एकटीनं काय केलं असतं मी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दारापाशी जमले. आबाही काठी टेकत आले. सातवी फळी गेली कुठं, एवढाच प्रश्न होता.

"चोर फळी नेईल कशाला? न्यायची तर सहाच्या सहा नेईल," एक जण म्हणाला.

शिंपी मोजपट्टीशी चाळा करत होता. "आबा, राग मानू नका. मागं तुम्ही त्या नावाड्याला फळी दिली होती ना? त्याच्या होडीचा तळ फुटला होता तेव्हा?"

"ती पाचवी. जुनी. किडलेली," आबा म्हणाले. "नवी तासली मग मी."

"पाचवीच होती ना? नक्की?"

नावाडी मरून चार वर्षं झाली होती. त्याला विचारता येत नव्हतं. आबांची बोटं हवेत काहीतरी चाचपत होती.

"मी विचारलंही होतं कुणाला तरी, सातवी आहे का म्हणून," ते हळूच म्हणाले. "कुणाला ते नाही आठवत. का विचारलंच नव्हतं..."

थोरली त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिच्या हातात पहार होती. ती तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"वय झालं की होतं असं," शिंपी समजुतीनं म्हणाला. "आमचा म्हातारा शेवटी शेवटी चप्पल उशाला घेऊन झोपायचा आणि उशी दारात ठेवायचा." कुणीतरी हसलं. आबाही हसले, सगळे हसतात म्हणून.

"मीच दिली असेल," ते म्हणाले.

धाकटीनं सासऱ्यांकडं एकदा पाहिलं आणि शेतात उतरली. रोज दुपारी ती आबांसाठी वाटीभर कालवण पाठवायची. त्यांना तिच्या हातची चव आवडायची. त्या दुपारी वाटी आली नाही. नंतरही आली नाही. आबांनी एकदाही विचारलं नाही.

आणि लोकांनी ठरवलं, बऱ्या शब्दांत, पाठीवर हात ठेवून, की आबांनी आता दाराकडं येऊ नये. उगाच पाय घसरायचा.

*

खारं पाणी शिरलेलं शेत गोड्या पाण्यानं धुतलं तर काहीतरी हाताला लागतं. पण गावाचं तळंही उन्हानं अर्ध्यावर आलं होतं, आणि प्यायचं पाणी पंपानं उपसू द्यायला कुणी राजी नव्हतं. हंड्यानं काय नेता येईल ते न्या, म्हणाले.

थोरली पहाटे उठून धाकटीच्या आधी तळ्यावर जायची. धाकटी एक हंडा नेईपर्यंत ही दोन नेई. चिखल्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा तिनं बोटांना चिंध्या बांधल्या. डोक्यावरची चुंबळ भिजून केसांना वास यायला लागला. ती थांबत नसे. थांबलं की ते दोन शब्द ऐकू येत.

"ताई, जरा बसा हो," धाकटी म्हणायची. "माझ्या शेतासाठी तुम्ही जीव द्याल."

"बसून काय करू."

"सख्खी बहीण एवढं करत नाही."

ते ऐकून थोरलीला वाटायचं, हिनं शिव्या दिल्या तर बरं होईल.

आठव्या दिवशी भाताची पानं टोकांपासून पिवळी पडली. दहाव्या दिवशी मधूनच चुरगळल्यासारखी वाळली. धाकटीनं एक ताट उपटलं, पोटरी सोलली. आत पांढरं, मऊ, दाणे न धरलेलं काहीतरी होतं. तिनं ते बोटांत चुरडलं आणि हंडा उपडा ठेवला.

"पुरे, ताई."

"अजून दोन दिवस करू."

"पुरे म्हटलं ना. पुढची दोन-तीन वर्षं तरी काही येणार नाही इथं. मी हे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर शहरात जाईन म्हणतेय. विटा उचलीन." ती हातावरचा चिखल निपटत राहिली. "आबांना दोष देऊन काय करायचंय? कळतं मला. पण ताई, त्यांचं तोंड बघितलं की आतून पेटतं माझ्या. हातून वाटी भरली जात नाही."

थोरलीनं तोंड उघडलं. शब्द अगदी दातांशी आले. तेवढ्यात धाकटीनं तिचा हात हातात घेतला, चिंध्या सोडल्या आणि बोटांमधल्या जखमांवर फुंकर घालत स्वतःच्या पदरानं पुसायला लागली. ते शब्द परत गेले.

त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला आणि हात जोडले. प्लास्टिकच्या कपड्याच्या कडेतून फळीची काळसर धार दिसत होती. इतकी वर्षं ती देवाजवळ सगळ्यांसाठी मागायची, ट्रकवरच्यासाठी, शहरातल्यासाठी, आबांच्या डोळ्यांसाठी. आज काही मागायला जीभ उचलेना. आपण हात जोडतो ते कुणापुढं आणि कशावर, हेच तिला नीट कळेनासं झालं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एक युक्ती काढली. फळी काढायची, वाळूनं घासायची, काजळी घालवायची आणि खाडीकाठच्या गवतात टाकून द्यायची. मग आपणच ओरडायचं, सापडली म्हणून. पाण्यानं वाहून गेली असेल, लोक म्हणतील. आबाही सुटतील, आपणही सुटू. तिनं पहारही उचलली. भिंतीशी जाऊन उभी राहिली, तेव्हा पलीकडून आबांचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी आहे, आबा."

"मी जेवलो का गं?"

थोरलीनं पहार खाली टेकली. तासाभरापूर्वी तिनंच त्यांना वाढलं होतं. ताट अजून घासायचं होतं.

आबा खाटेच्या कडेला बसले होते. दाराकडं जाणं बंद झाल्यापासून त्यांची काठी कोपऱ्यात उभी होती, आणि ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागले होते. सदऱ्याचं बटण लावलं का. दार लोटलं का. पूर्वी ते नुसत्या वाऱ्याच्या वासावरून भरती केव्हा चढेल ते सांगत. आता विचारलं तर म्हणत, माझं काही खरं नाही, दुसऱ्या कुणाला विचार.

"जेवलात, आबा. मघाशीच."

आबांनी जिभेनं दात चाचपले, काही चव उरलीय का बघितली.

"मला तर काही आठवत नाही," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस म्हणजे जेवलो असेन."

थोरली तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. पहार तिच्या हातातून सुटली आणि जमिनीवर वाजली.

"काय पडलं?" आबांनी विचारलं.

"पहार."

"पहार," आबा म्हणाले, आणि मान हलवली, हेही तिच्याकडूनच मान्य करून.

*

अमावास्येचं उधाण जवळ आलं. सगळ्यांनी मिळून बांध वीतभर उंच करायचं ठरवलं. सकाळी बायका-पुरुष रांगेनं उभे राहून हातोहात चिखलाच्या पाट्या देत होते. धाकटीही होती, तिचं शेत गेलं होतं, पण वरची शेतं उभी होती. सरकारी कचेरीतून एक मोजणीवाला आला होता. दाराशी उंच पट्टी उभी करून तो वहीत आकडे लिहीत होता. दगडावर गेल्या उधाणाची पांढरी खारी रेघ स्पष्ट दिसत होती.

"समुद्रच वर येतोय, काका," तो शिंप्याला सांगत होता. "एकट्या तुमच्याकडं नाही. जगभर उष्णता वाढलीय, लांब कुठं कुठं बर्फाचे डोंगर वितळताहेत. ते पाणी कुठं जाणार?"

"बर्फ म्हणजे आम्ही सरबतात टाकतो तेवढाच बघितलाय," शिंपी म्हणाला. "डोंगर कुणी वितळवले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाणी तेवढं बरोबर पत्ता शोधत आमच्याकडं आलं."

लोक हसले. हसता हसता एकेकाची नजर वळली, कारण बांधावरून थोरली येत होती. डोक्यावर फळी होती. एका हातानं तिनं ती धरली होती, दुसऱ्या हातात आबांचा हात होता.

सकाळी तिनं दिवा उचलून जमिनीवर ठेवला होता. पहारीनं भिंत उकरली होती. फळी निघाली तशी भिंतीची केवढीतरी माती तिच्या पायांवर आली. फळी तिनं घासली नाही. काजळी, तेलाचं गोल काळं कडं, प्लास्टिकचा चिकटलेला तुकडा, सगळं होतं तसं ठेवलं. मग आबांना म्हणाली, चला.

"कुठं?"

"दाराकडं."

"मला नको म्हणालेत ना."

"मी म्हणतेय, आबा."

"तू म्हणतेस तर चल," ते म्हणाले आणि उठले. कोपऱ्यातली काठी त्यांना स्वतःलाच सापडली.

आता दारापाशी तिनं फळी उतरवली, दगडावर आडवी ठेवली. आबांचा हात धरून फळीच्या टोकाशी नेला. आबांची बोटं लाकडावर पडली आणि थबकली. मग एकेक चरा मोजत सरकायला लागली. सगळे बघत होते. बोटं शेवटापर्यंत गेली, परत पहिल्यापासून मोजत आली.

"सात," आबा म्हणाले. "कुठं सापडली?"

"सापडली नाही. आपल्याच घरात होती, दिव्याखाली. दोन वर्षांपूर्वी मी नेली." थोरलीचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, मागच्यांना ऐकायला पुढं सरकावं लागलं. "तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी आहे म्हटलं. आणि त्या दिवशी पाणी आलं तेव्हा पळत जाऊन आणता आली असती. मी आणली नाही. लाज वाटली म्हणून."

हातोहात चाललेल्या पाट्या थांबल्या होत्या. एक पाटी कुणाच्या तरी हातात तशीच होती आणि तिच्यातून चिखल ठिबकत होता.

शिंपी खाकरला. नावाड्याचं नाव त्यानंच काढलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो मोजणीवाल्याकडं वळला. "साहेब, पाणी किती चढलं होतं म्हणालात?"

मोजणीवाल्यानं फळी सहावीच्या वर येईल तिथं आडवी धरून पांढऱ्या रेघेशी ताडून बघितली. "ही असती तरी हिच्यावर चार बोटं पाणी गेलं असतं."

"मग झालं तर," शिंपी सुटल्यासारखा म्हणाला. "बुडायचं ते बुडालंच असतं. बाई, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. लाकडाच्या एका फळीनं काय समुद्र थांबतो?"

दोघातिघांनी माना हलवल्या. थोरलीकडं मायेनं बघितलं. तिला क्षणभर वाटलं, पाय टेकायला जागा मिळाली.

"चार बोटं पाणी वेगळं," धाकटी म्हणाली, "आणि वीत आणि चार बोटं वेगळं, काका." तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले होते. "चार बोटं पाणी धुऊन निघालं असतं."

ते खरं होतं, आणि हंडे वाहताना रोज थोरलीनं हेच मोजलं होतं. धाकटी तिच्याकडं बघत होती. रागानं नाही. अनोळखी माणूस दारात उभा राहिला की आपण बघतो, तसं.

"माझ्या जखमा पुसल्यास तू," थोरली म्हणाली.

"पुसल्या," धाकटी म्हणाली, आणि वाकून पाटीत चिखल भरायला लागली.

आबा अजून फळीशीच होते. तळवा त्यांनी लाकडावर पसरून ठेवला होता.

"म्हणजे नावाड्याला दिली ती पाचवीच."

"पाचवीच, आबा."

"आणि मी विचारलं होतं."

"विचारलं होतंत."

"तुला."

"मला."

"म्हणजे मी काही विसरलो नव्हतो," आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली. वाऱ्याकडं तोंड केलं, नाकपुड्या फुलल्या. कितीतरी दिवसांनी ते काहीतरी ऐकत होते. "फळ्या सोडायला घ्या. तुम्ही म्हणताय त्याच्या अर्धा तास आधी चढणार आज. आणि लाकूड बघून ठेवा. आठवी लागेल. मी तासून देतो, मला फक्त कुणीतरी रेघ धरून द्या."

फळ्या सोडल्या. एक, दोन, तीन करत सहा. सातवी थोरलीनं उचलली. तेलाचं काळं कडं आतल्या बाजूला आलं, शेतांकडं तोंड करून. पाणी आबांनी सांगितलेल्या वेळीच आलं. सहावी बुडाली, सातवीच्या निम्म्यावर पाणी चढलं आणि तिथं थांबलं. थोरलीनं फळीला हात लावून बघितलं. पलीकडून समुद्र रेटत होता. लाकूड किंचित थरथरत होतं.

भरती ओसरेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. धाकटी तेवढी मध्येच जाऊन आली. येताना तिच्या हातात झाकलेली वाटी होती. थोरलीच्या अगदी जवळून, पदर लागेल इतक्या जवळून ती गेली, थांबली नाही. वाटी तिनं आबांच्या हातात दिली आणि त्यांची बोटं वाटीभोवती नीट मिटवली.

आबांनी वास घेतला. खाल्लं. कडेला लागलेलंही बोटानं पुसून खाल्लं.

"सकाळपासून काही खाल्लं नव्हतं मी," ते म्हणाले. "हे मला पक्कं आठवत होतं."

थोरलीनं मान खाली घातली. त्या गडबडीत ती त्यांना वाढायची राहिली होती.

धाकटीनं रिकामी वाटी घेतली. जाताना पहिल्यांदा ती थोरलीसमोर थांबली.

"ओहोटीला फळ्या काढायला मीही येणार," ती म्हणाली. "हे येऊन मला नेईपर्यंत रोज येणार. तुमच्या एकटीच्या भरवशावर दार नको आता."

"ये," थोरली म्हणाली.